माशांचं लग्न लावायला गेला होतात?

बसू नका. बसायचं कधी ते मी सांगेन. मॉनिटर, दार लोटून घे. शेजारी दहावीची चाचणी चालू आहे आणि माझा आवाज आज चढणार आहे.

कुणामुळे मेले, हे मी विचारणार नाही. 'बाई, दुकानदार म्हणाला चालतील' हे सकाळपासून ऐकतेय, तेवढं पुरे. दुकानदाराला मासे विकायचे होते, त्यानं विकले. टाकीमागे 'परिसंस्था' असा रंगीत तक्ता लावून ती विज्ञान प्रदर्शनात मांडायची हौस त्याची नव्हती, नववी 'ब'ची होती. वर्गणी तुम्ही काढलीत, मासे तुम्ही निवडलेत.

पावती माझ्यासमोर आहे. वाचते. निऑन टेट्रा, एक जोडी. झेब्रा, एक जोडी. टायगर बार्ब, एक जोडी. एंजल, एक जोडी. गोल्डफिश, एक जोडी. शार्क, एक. सकर, एक. म्हणजे सात जातींचे बारा मासे, आणि टाकी दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. शुक्रवारी आणले. आज सोमवार. एक निऑन टाकीत नाही आणि टाकीबाहेरही नाही. एका गोल्डफिशचं शेपूट कुरतडून अर्धं झालं होतं, तो सकाळी तळाशी आडवा मिळाला. बार्ब मात्र तरतरीत आहेत, आणि मोठ्या एंजलचं पोट चांगलं भरलेलं दिसतंय. हसू नका. हसण्यासारखं मी काहीही बोललेले नाही.

जोडी म्हणे! माशांचं लग्न लावायला गेला होतात? दुकानात भाव जोडीवर सांगतात, ती त्यांची मोजायची रीत. निऑनला त्या जोडीचा काडीचा उपयोग नाही. पिशवीत पडलेल्या दोघांत नर कोण आणि मादी कोण, हे तुम्हाला सोडाच, दुकानदारालाही धड सांगता आलं नसतं. निऑन, झेब्रा, बार्ब हे थव्यानं राहणारे मासे आहेत. दोन म्हणजे थवा नव्हे. तीन म्हणजेही नव्हे. सहाच्या खाली जाऊ नये, आणि दहा-बारा असतील तर ते मासे मासे वाटायला लागतात. त्या दरिद्री जोडीतला उरलेला निऑन पाहिलात? फिल्टरच्या नळीमागे उभा आहे, निळी रेघ फिकी पडलीय, खायला टाकलं तरी पुढे येत नाही. 'बाई, तो लाजाळू आहे.' लाजाळू नाही, तो घाबरलेला आहे.

आता तो तक्ता काढा. त्यावर सुंदर अक्षरात लिहिलंय, 'मासे एकमेकांवर प्रेम करतात म्हणून थव्याने राहतात. एकीचे बळ!' अक्षराला दहापैकी दहा, मजकुराला शून्य. पुसा ते.

थव्यात प्रेमाचा काही संबंध नाही. डब्ल्यू. डी. हॅमिल्टन नावाच्या इंग्रज जीवशास्त्रज्ञानं 1971 मध्ये एक निबंध लिहिला, त्यात त्यानं कळपाला 'स्वार्थी' म्हटलं. मुद्दा सरळ आहे. शिकारी आला की प्रत्येक जण आपल्या आणि त्याच्यामध्ये दुसरा कुणीतरी यावा असं बघतो, प्रत्येक जण आत घुसतो, आणि त्यातून बाहेरून एकजूट दिसणारा गोळा तयार होतो. शंभरांत एक असलास तर तुझी पाळी येण्याची शक्यता शंभरातली एक. दोघांत एक असलास तर? गणित मी करायला नको. शिवाय सारखे दिसणारे, सारखे वळणारे पुष्कळ मासे समोर असले की शिकाऱ्याची नजर एकावर ठरत नाही. लँडो आणि टेरबॉर्ग या दोघांनी 1986 मध्ये हे करून दाखवलं. बास नावाच्या शिकारी माशापुढे मिनो नावाचा एकटा छोटा चंदेरी मासा सोडला की तो पटकन पकडला जायचा. आठांचा थवा सोडला की बास गोंधळायचा, हल्ला करायचा आणि रिकाम्या तोंडानं परतायचा. मग त्यांनी आठांतला एखादा-दुसरा निळा रंगवला. बासची अडचण संपली. निळाही पकडला जायला लागला आणि त्याच्याबरोबरचे चंदेरीही.

कळलं का तुम्ही काय केलंत ते? रंगांची विविधता म्हणून सात तऱ्हेचे मासे एकत्र टाकलेत. तुमच्या डोळ्यांना ती रांगोळी दिसते. त्या माशांच्या मेंदूला दिसतं ते एवढंच की आजूबाजूला आपल्यासारखं कुणी नाही आणि आपण उघड्यावर आहोत. काचेच्या टाकीत शिकारी नाही हे त्यांना कोण सांगणार? आणि तुम्ही तर शिकारीसुद्धा विकत आणून आत सोडला.

तिसऱ्या बाकावरचा, तू मान वर कर. काचेवर टिचक्या मारणारा तूच ना? टेट्रा, बार्ब, झेब्रा या सगळ्यांच्या शरीरात वाताशयापासून अंतर्कर्णापर्यंत हाडांची एक लहानशी साखळी असते. पाण्यातला आवाज वाताशयात थरथरतो आणि त्या हाडांवरून थेट कानात पोचतो, म्हणून बहुतेक माशांपेक्षा यांना जास्त ऐकू येतं. अंगाच्या बाजूनं पार्श्वरेषा असते ती वेगळीच, पाण्याची जराशी हालचाल ती टिपते. तुझी टिचकी त्यांना हलकी वाटत नाही. शनिवारी अर्धी शाळा त्या काचेवर टिचक्या मारून गेली आणि तू रांग लावून देत होतास.

आणि जाळी कुणी घातली होती? तू. मासा पकडताना त्याला काचेवर दाबलंस, खवले निघाले. कार्ल फॉन फ्रिश, मधमाश्यांचा नाच उलगडणारे, ज्यांना पुढे नोबेल मिळालं ते, त्यांनी 1938 मध्ये एक गोष्ट नोंदवली. जखमी झालेला मिनो थव्यात परत सोडला की बाकीचे सैरावैरा पळतात. जखमी कातडीतून एक रसायन पाण्यात उतरतं आणि त्याचा वास म्हणजे धोक्याची सूचना. टेट्रा, बार्ब, झेब्रा याच मोठ्या कुळातले. नदीत ही सूचना मिळाली की मासा दूर निघून जातो. पन्नास लिटर पाण्यात तो कुठे जाणार? वास तिथंच, मासाही तिथंच.

बसा आता. पाय दुखले तर चालेल, पण लक्ष इकडे हवं.

निऑन तुम्हाला हवा होता त्याच्या निळ्या रेघेसाठी, हे मला कळतं. मलाही तो आवडतो. पण तो येतो कुठून हे कुणी वाचलं का? पेरू, कोलंबिया आणि ब्राझील इथल्या वरच्या अॅमेझॉन खोऱ्यातला तो मासा. 1934 मध्ये ओगुस्त राबो या फ्रेंच माणसाला सापडला आणि 1936 मध्ये जॉर्ज मायर्स यांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं. पाचोळा कुजून चहासारखं तपकिरी झालेलं, मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी, वर झाडांची दाट सावली, अशा ओढ्यांत तो थव्यानं फिरतो. त्या अंधाऱ्या पाण्यात ती रेघ चमकते. आपल्याकडे येणारे निऑन टाक्यांमध्ये पैदास केलेले असतात, ते थोडं सोसतात, हे मान्य. पण आपलं पाणी कुठलं? बोअरचं, क्लोरिन घालून नळाला येणारं. बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो ते. प्रयोगशाळेतली सामूपट्टी बुडवायला दोन मिनिटं लागली असती. मी आज बुडवली, सामू आठच्या जवळ आला. वर पांढऱ्याशुभ्र वाळूवर, डोक्यावर झगझगीत दिवा लावून त्याला ठेवलंत. सोलापूरच्या एप्रिलमध्ये या वर्गातलं पाणी बत्तीस अंशांवर जाईल तेव्हा काय करणार होता, हेही विचारून ठेवते. विसाला लिटरभर पाण्यात नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तिसाला साडेसातच्या आसपास.

झेब्र्याला मात्र तुम्ही नाक मुरडलंत. घेतला तोही 'स्वस्त आहे म्हणून'. तो आपला मासा आहे. गंगेच्या खोऱ्यातला. फ्रान्सिस हॅमिल्टन या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरानं गंगेतल्या माशांवर ग्रंथ लिहिला, 1822 मध्ये, त्यात या माशाचं पहिलं शास्त्रीय वर्णन आहे. हा हॅमिल्टन वेगळा आणि मघाचा वेगळा. गोंधळ करू नका, परीक्षेत घालणार आहे. उथळ ओढे, भातखाचरांच्या कडेचं पाणी, पावसात गढूळ आणि हिवाळ्यात गार, असल्या ठिकाणी तो राहतो. म्हणून थंडी, उन्हाळा, कडक पाणी तो निऑनपेक्षा कितीतरी जास्त सोसतो. आणि तुम्ही ज्याला स्वस्त म्हणालात त्याच्यावर जगभरच्या प्रयोगशाळा चालतात. अमेरिकेत ओरेगॉनला जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी 1981 मध्ये झेब्र्याचे क्लोन केले. अंडी शरीराबाहेर वाढतात, भ्रूण पारदर्शक असतो, दिवसभरात हृदय धडधडायला लागतं आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी दिसतं. 2013 मध्ये त्याचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला तेव्हा कळलं, माणसाच्या सुमारे सत्तर टक्के जनुकांचं काही ना काही जोडीदार जनुक या माशात आहे. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही या माशावर काम चालतं. तुमच्या प्रदर्शनाचा विषय तुमच्याच टाकीत पोहत होता आणि तुम्ही शार्ककडे बघत होता.

शार्क! शार्क नाही तो. मेकाँग नदीतला पंगासियस. हॉटेलात 'बासा' म्हणून ताटात येतो तो बहुतेकदा हाच. मीटरभराच्या वर वाढतो. दोन फुटांच्या टाकीत त्याला वळता तरी येणार होतं का? एंजल लहानपणी गोंडस दिसतो, मोठा झाला की तोंडात मावेल ते गिळतो, आणि निऑन तोंडात मावतो. टायगर बार्ब थव्यात असला की आपसातच हुज्जत घालतो. एक-दोनच ठेवले तर लांब पंखांच्या शेजाऱ्यांना कुरतडतो. गोल्डफिश गार पाण्याचा, घाण भरपूर करणारा, यांच्यात त्याचं काही काम नाही. सकरबद्दल मी नंतर बोलणार आहे.

पहिल्या बाकावरची, तू रडतेस का? 'बाई, आम्ही रविवारी येऊन सगळं पाणी बदललं, काळजी घेतली.' तेच सांगायचंय. पाणी दुधाळ झालं म्हणून तुम्ही घाबरलात, सगळं पाणी ओतून दिलंत, स्पंज नळाखाली पिळून पांढरा केलात आणि ताजं नळाचं पाणी भरलंत. वर वाळू कपड्यांच्या पावडरीनं धुतली होती, हे मला शिपाईकाकांकडून कळलं. एवढ्या काळजीनं मासे जगत नसतात.

नायट्रोजनचं चक्र कुणाला येतं? सगळ्यांनी हात वर केले. अर्थात. सहामाहीत पाच गुणांना होतं आणि बहुतेकांनी पाच घेतलेत. अमोनीकरण, नायट्रीकरण, विनायट्रीकरण, बाण काढून, रंग भरून. आणि तेच चक्र टाकीत समोर आलं तेव्हा एकालाही ओळखता आलं नाही! मासा कल्ल्यांतून अमोनिया टाकतो. उरलेलं अन्न कुजतं, त्याचाही अमोनिया. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया विष, नायट्राइटही विष, नायट्रेट त्या मानानं सोसवतं. हे जिवाणू राहतात स्पंजवर, वाळूवर, काचेवर. नव्या टाकीत त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही पहिल्याच दिवशी बारा मासे सोडलेत, आणि जी काही वस्ती तीन दिवसांत उगवू पाहत होती ती क्लोरिनच्या पाण्यात धुऊन टाकलीत. दुधाळपणा जिवाणूंचाच होता, थांबला असतात तर आपोआप निवळला असता.

अजून आहे. अमोनियाचे पाण्यात दोन अवतार असतात, एक फारसा त्रास न देणारा आणि एक जहाल. सामू सातवरून आठवर गेला की जहाल भाग जवळजवळ दहापट होतो. बोअरच्या पाण्यात अमोनिया का जास्त मारतो, ते यात आहे. मी सकाळी टाकीतलं पाणी परीक्षानळीत घेऊन नेसलरचे थेंब टाकले. पिवळंधमक झालं. ती बाटली तुम्ही हातात घ्यायची नाही, त्यात पारा असतो. पण नळी खिडकीत ठेवलीय, जाताना प्रत्येकानं बघून जायचं.

खाऊ घालण्याबद्दल एवढंच सांगते, प्रत्येक सुट्टीत चिमूट चिमूट खाऊ टाकणारे जे कोणी भूतदयावादी आहेत त्यांनी हात आवरावा. या माशांना दोन दिवस उपास पडला तर काही होत नाही. तळाशी साचलेल्या खाऊनं मात्र होतं.

आणि आता सकर. मधल्या सुट्टीत मी काय ऐकलं? 'बाईंनी मासे काढायला सांगितले तर नदीत सोडून देऊ, सुटतील बिचारे.' कोण बोललं, मला माहीत आहे. उभा राहा. तुझे वडील भिगवणला मासे घ्यायला जातात ना? त्यांना विचार, उजनी धरणातले मच्छीमार सकरला का वैतागलेत. दक्षिण अमेरिकेतला मासा, अंगावर चिलखत, पंखांना काटे, जाळ्यात अडकला की जाळं फाडतो आणि बाजारात कुणी घेत नाही. तो पोहत तर आला नाही. कुणीतरी शोभेला आणला, तो दीड फुटाचा झाला, टाकीत मावेना, आणि त्याला 'सोडून' दिलं. पुण्य म्हणून. नदी म्हणजे तुमची अडगळीची खोली नाही. विहिरीतही नाही, गणपतीच्या तळ्यातही नाही. या शाळेतला एक जरी मासा नदीत गेला असं कळलं, तर पालकांना बोलावीन आणि तुमच्यासमोर बोलेन.

वही काढा. लिहून घ्या, परत सांगणार नाही.

उरलेले एंजल, बार्ब, गोल्डफिश, शार्क आणि सकर आजच संध्याकाळी दुकानात परत जातील. पैसे परत मागायचे नाहीत. त्यानं ठेवून घेतले तर आभार मानून यायचं. खिडकीजवळची, तुझ्या काकांकडे चार फुटांची जुनी टाकी आहे आणि तिच्यात निऑन आणि झेब्रे दोन्हींचे थवे आहेत, असं तू म्हणाली होतीस. त्यांना फोन कर. हा एक निऑन आणि ते दोन झेब्रे ते घेतील का, विचार. ते आधी महिनाभर वेगळ्या भांड्यात ठेवतील, ठेवलेच पाहिजेत. त्यांच्या फिल्टरचा जुना, घाणेरडा स्पंज मिळाला तर तो पिळलेलं पाणीही बाटलीत आण. घाणेरडा, कळलं का? धुऊन नको.

टाकी रिकामी होईल. वाळू पाण्यानं, फक्त पाण्यानं, दहादा धुवायची. पावडरीचा वास उरला तर ती वाळू फेकून नवी आणायची. नळाच्या पाण्यातला क्लोरिन मारायला सोडियम थायोसल्फेट लागतं. आयोडिनच्या टायट्रेशनला वापरतात तेच. मी तोलून देईन, तुम्ही अंदाजानं टाकायचं नाही. माशांच्या जागी टाकीत मी अमोनियम क्लोराइड टाकणार, म्हणजे जिवाणूंना खायला मिळेल. दर दोन दिवसांनी अमोनिया, नायट्राइट आणि सामू मोजून नोंद करायची, दोघादोघांची पाळी. अमोनिया टाकला आणि चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आलं, असं सलग आठवडाभर दिसलं की टाकी तयार. त्यानंतर दहा झेब्रे येतील. एकाच जातीचे, दहा. टाकीला झाकण बसवायचं, कारण झेब्रा उडी मारतो. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचं. स्पंज पिळायचा तो टाकीतून काढलेल्या त्याच पाण्यात.

प्रदर्शन पुढच्या महिन्यात आहे, तोवर हे होणार नाही. म्हणून प्रदर्शनात रिकामी टाकी जाईल. पाणी, वाळू, स्पंज आणि शेजारी तुमची नोंदवही. 'मासे कुठे आहेत?' असं परीक्षक विचारतील, आणि त्याचं उत्तर मी देणार नाही, तुम्ही द्यायचंय. नंबर येणार नाही. चालेल.

मेलेला गोल्डफिश कागदात गुंडाळून ठेवलाय, तो बागेत पुरायचा आहे, कचऱ्यात नाही. मॉनिटर, दोघांना घेऊन जा. बाकीच्यांनी परीक्षानळी बघून घ्या आणि मग पुस्तकातलं नायट्रोजनचं चक्र उघडा.